राखाडी हेडफोनचं सेटिंग

बोलकी पुस्तकं तयार करणाऱ्या त्या कार्यालयात तिला सगळे चाळणी म्हणत. नाव काकांनी ठेवलेलं. नऊ वर्षांपूर्वी ती नवीन लागली, तेव्हा एका कादंबरीच्या ध्वनिमुद्रणात तिसऱ्या प्रकरणात निवेदकाच्या पोटात झालेली गुरगुर तिनं पकडली होती. तिच्याआधी दोघांच्या हातून ती सुटली होती. "ही पोरगी नाही, चाळणी आहे!" काका म्हणाले आणि ते तिला चिकटलं. घरी नणंदसुद्धा चेष्टेत त्याच नावानं हाक मारायची.

काका म्हणजे तिथले मुख्य तंत्रज्ञ. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. निवेदकानं पुस्तक वाचलं की पाचजण टेबलाला टेबल लावून बसत आणि त्यातलं खाकरणं, अडखळणं, पान उलटल्याचा आवाज असं सगळं वेचून काढत. शेवटी प्रत्येक पुस्तक काकांच्या कानाखालून जाई. काकांनी मान डोलावली की पुस्तक बाहेर. ते म्हणतील ती पूर्व दिशा.

त्या वर्षी जुने हेडफोन एकामागून एक मान टाकू लागले. सुटे भाग मिळेनात. तेव्हा मॅडमनी, म्हणजे कार्यालयाच्या व्यवस्थापक बाईंनी, सांगितलं, "सहाही टेबलांना एकाच प्रकारचे नवीन हेडफोन घ्या. कोणते घ्यायचे ते काका आणि चाळणी मिळून ठरवा. पंधरा दिवसांत कळवा."

काकांनी दोन प्रकार चाचणीला आणले, प्रत्येकाचे दोन-दोन नग. एक काळा, एक राखाडी. रंग सोडला तर जुळी भावंडं. आवाजात फरक एवढाच, की काळा खालच्या पट्टीत जरा घुमायचा आणि राखाडी वरच्या पट्टीत थोडा मिटलेला वाटायचा.

"त्याची चिंता नको," काका म्हणाले. "इक्वलायझर कशासाठी आहे? जिथं घुमतंय तिथं दाबायचं, जिथं मिटलंय तिथं उचलायचं. दोघंही सरळ झाले की मग बघू कोण बरा."

काळ्याचं काम सोपं होतं. त्याचं मोजमाप कुणीतरी आधीच करून आलेख प्रसिद्ध केला होता, त्यातले आकडे जसेच्या तसे संगणकात भरायचे. राखाडी बाजारात नवीन, त्याचा आलेख मिळेना. काकांनी तो कानानं जुळवला. एक अख्खी दुपार दार लावून बसले. बाहेर आले ते खुशीत.

"ऐक आता. घंटेसारखा स्वच्छ आहे. मला विचारशील तर हाच घ्यायचा. काळ्यात काही जीव नाही."

चाळणीनं राखाडी कानावर चढवला आणि तिसऱ्या वाक्यालाच डोळे मिटून घेतले. निवेदिकाबाईंचा गोड आवाज, पण प्रत्येक 'स' आणि 'श' सुईसारखा घुसत होता. दहा मिनिटांत कपाळ ठणकायला लागलं. तिनं काळा लावला. त्यात बाईंचा आवाज जसा समोर बसून ऐकावा तसा होता.

"काका, राखाडी टोचतोय."

"टोचत नाही, उलगडतोय. तुला जुन्या मळकट आवाजाची सवय झालीय."

हे काकांनी म्हणावं याचंच तिला नवल वाटलं. चाळीस पावलांवरून पंख्याचं कुरकुरणं ओळखणारा माणूस! हा आवाज त्यांना टोचत नाही, असं कसं होईल?

त्या संध्याकाळी खोकी कपाटात ठेवताना राखाडी हेडफोनच्या खोक्यावर एक चिकटपट्टी दिसली. दुकानाचं नाव तिच्या ओळखीचं होतं. काकांच्या जावयाचं दुकान. लग्नात ती जेवून आली होती.

तिच्या मनात पाल चुकचुकली.

घरी जाऊन तिनं ते नणंदेला सांगितलं आणि तिथंच चुकलं. नणंद विमा कंपनीत नोकरीला होती. खोटे दावे हुडकून काढणं हेच तिचं काम. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती लोकांवर अविश्वास दाखवण्याचा पगार घ्यायची आणि घरी आल्यावरही तो अंगातून उतरत नसे.

"वहिनी, पाणी मुरतंय," नणंद लगेच म्हणाली. "सरळ आहे. जावयाचा माल खपवायचाय."

"काका तसे नाहीत गं."

"तसे कोणीच नसतात. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक फायलीतला माणूस तसा नसतो. तू एक कर. राखाडीचं सेटिंग तू स्वतः लाव आणि गप्प बस. बघ ते काय करतात."

चाळणीला हे पटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तिनं केलं तेच. काका बाहेर गेले असताना राखाडीचं सेटिंग उघडलं. 'स', 'श', 'च' या अक्षरांची धार ज्या पट्टीत असते, ती पट्टी काकांनी नऊ डेसिबलनं वर चढवली होती. नऊ! इतकं कुणी शिकाऊसुद्धा चढवणार नाही. तिनं ते तीनवर आणलं, मग काळ्याशी ताडून पाहत थोडं इकडे, थोडं तिकडे केलं. अर्ध्या तासात दोन्ही हेडफोन इतके सारखे झाले, की डोळे मिटून कानावर कोणता आहे हे तिला फक्त वजनावरून कळत होतं. राखाडी हलका होता.

सेटिंग जतन करून ती घरी गेली. सकाळी येऊन पाहते, तर पट्टी पुन्हा नऊवर.

तिनं कुणाला काही विचारलं नाही. पुन्हा तीनवर आणली. दुसऱ्या सकाळी पुन्हा नऊ. तिसऱ्या सकाळी तर दहा.

आता मात्र संशयाचं भूत तिच्या मानगुटीवर बसलं. काका चहा प्यायला उठले, की ती घड्याळ बघायची. काका फोनवर "जावईबापू" म्हणाले, की तिचे कान टवकारायचे. एकदा तर संगणकाजवळ काका वहीत काहीतरी लिहिताना दिसले. ती जवळ गेल्याबरोबर त्यांनी वही मिटून खणात टाकली.

"काय लिहीत होता काका?"

"काही नाही. घरचं सामान."

घरचं सामान लिहिताना माणूस संगणकाच्या पडद्याकडे बघत नाही, हे तिला कळत होतं. काकाही आताशा तिच्याशी तुटक बोलू लागले होते. पूर्वी "पोरी" म्हणायचे, ते दोन दिवस नुसतं "अहो मॅडम" चाललं होतं. ते ऐकून तिला राग यायचा आणि त्या रागाखाली वाईटही वाटायचं. नऊ वर्षांत हे काम ती ज्यांच्या हाताखाली शिकली, त्यांनीच शेवटी शेवटी असं करावं?

"समोरासमोर पकड," नणंद म्हणाली. "पण साक्षीदार ठेव. साक्षीदार नसेल तर माणूस पलटतो."

साक्षीदार म्हणून तिनं निवेदिकाबाईंना बोलावलं. त्या मुलांसाठीच्या एका पुस्तकाचं वाचन संपवून निघाल्याच होत्या. चाळणीनं त्यांना खरं कारण सांगितलं नाही. "काका आणि तुम्ही एकाच वेळी ऐकायचंय. तुमचाच आवाज आहे, तुम्हाला जास्त कळेल," एवढंच म्हणाली. बाईंना बरं वाटलं. पर्स मांडीवर घेऊन त्या बसल्या.

राखाडीचे दोन नग होते. एक काकांच्या कानावर, एक बाईंच्या. दोन्ही एकाच संगणकाला जोडलेले. पडदा तिनं स्वतःकडे वळवून घेतला होता. दोन सेटिंग तयार होती, एक काकांचं, एक तिचं. बाईंनी वाचलेलं वाक्य तिनं मुद्दाम निवडलं होतं: 'ससा सावकाश सरकत सरकत शेताच्या सीमेशी सटकला.'

"मी मधेच सेटिंग बदलणार. बदललं की हात वर करायचा. कोणतं बरं वाटतं ते नंतर सांगायचं," ती म्हणाली.

तिचा डाव साधा होता. काकांना स्वतःचं सेटिंग ओळखू येणार. ते ओळखून त्याचीच भलामण करणार, आणि बाई शेजारी बसून म्हणणार, की अहो, हे तर टोचतंय. मग ती खोकं समोर ठेवून जावयाची चिकटपट्टी दाखवणार होती. खोकं टेबलाखाली तयार होतं.

ससा सरकू लागला. आधी तिचं सेटिंग. मग तिनं काकांचं लावलं. बाईंनी भुवया आक्रसल्या आणि हात वर केला. काका शांत बसले होते. तिनं परत स्वतःचं लावलं. बाईंनी हात वर केला. काका पडद्याच्या मागच्या बाजूकडे बघत होते. पुन्हा काकांचं. मग तिला काय सुचलं कोण जाणे, तिनं ती पट्टी दहावरून बारावर नेली. मग पंधरावर.

"अगं आई गं!" बाईंनी हेडफोन ओरबाडून काढला. "माझे कान फाडतेस का काय?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. हेडफोन काकांच्या कानावर तसाच होता. ससा त्यात अजून सरकत होता.

"काय झालं?" काकांनी विचारलं. आणि मग चाळणीला म्हणाले, "अगं, सुरू कर ना. केव्हा बदलणार आहेस?"

चाळणीचा हात माऊसवर तसाच राहिला. काकांनी एकदा तिच्याकडे, एकदा बाईंच्या हातातल्या हेडफोनकडे बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आपण रस्ता चुकलोय हे मधेच लक्षात आलेल्या माणसाचा उतरतो तसा. त्यांनी हेडफोन काढून नीट खुंटीला अडकवला, तारेचा गुंता सोडवला आणि "चहा घेऊन येतो" म्हणून गेले. चहा आधीच टेबलावर होता.

"यांना ऐकू येत नाही का गं?" बाईंनी हळूच विचारलं.

"येतं," चाळणी म्हणाली. "बाई, एक विनंती आहे. हे इथंच राहू द्या."

बाई शहाण्या होत्या. मान हलवून गेल्या.

चाळणी खाली वाकली, टेबलाखालचं खोकं उचलून कपाटात ठेवायला गेली. तिथं काळ्याचं खोकं होतं. ते तिनं पहिल्यांदाच उलटं केलं. खालच्या बाजूला तीच चिकटपट्टी, त्याच दुकानाची. दोन्ही हेडफोन जावयाकडूनच आले होते. कोणताही घेतला तरी जावयाला सारखाच. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या आवाजातला कचरा वेचणाऱ्या बाईला एक खोकं उलटवून बघण्याची बुद्धी झाली नव्हती. ती तिथंच स्टुलावर बसली. कान भरणारी नणंद खरी, पण हलक्या कानाची कोण?

काका तासाभरानं परतले. तिला खुणेनं ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बोलावलं. त्या खोलीचं जाड दार लावलं की आतलं बोलणं बाहेर जात नाही. दोघं समोरासमोर बसले. मध्ये मायक्रोफोन होता, तो काकांनी बाजूला सारला.

"तू मला पकडायला बसली होतीस," काका म्हणाले.

"हो."

"कशाबद्दल?"

खोटं बोलायचं ठरवूनही तिला जमलं नाही. तिनं चिकटपट्टीचं सांगितलं, जावयाचं सांगितलं, रोज सकाळी बदललेल्या सेटिंगचं सांगितलं. काका ऐकत राहिले. मध्येच त्यांना हसू आलं, पण ते हसू काही बरं नव्हतं.

"मी तर समजत होतो, की तू राखाडी बिघडवतेस. मी लावून जायचो आणि सकाळी पडद्यावर बघावं तर आकडा तीनवर. म्हटलं, हिला काळा हवाय म्हणून ही राखाडीचा गळा दाबतेय." त्यांनी खिशातून वही काढून तिच्यापुढे टाकली. तारीख, वेळ, आकडे. सोमवार, सकाळी पावणेदहा, तीन. मंगळवार, तीन. बुधवार, तीन. प्रत्येक नोंदीखाली रेघ. "मॅडमना दाखवणार होतो."

तिनं वही वाचली आणि परत दिली. दोघंही एकमेकांवर पाळत ठेवून होते आणि दोघांनीही पुरावे नीटनेटके जमवले होते.

"काका, किती दिवस झाले?"

"कशाला?"

तिनं स्वतःच्या कानाला बोट लावलं. काकांनी मायक्रोफोनच्या दांड्यावरून बोट फिरवलं.

"काकू म्हणते, टीव्ही मोठा लावता. मी म्हणायचो, टीव्हीच खराब आहे. नातीचं बोलणं कळत नाही, तर म्हटलं, लहान आहे, बोबडी आहे. आता सहा वर्षांची झाली ती. कुठली बोबडी?" ते थांबले. "जुना हेडफोन होता तोवर चाललं. त्यात कुठं काय ऐकू यायला हवं ते मला पाठ होतं. कान थोडं ऐकायचे, बाकीचं डोकं भरायचं. नवीन आला तेव्हा डोक्याला काही भरता येईना."

आणि मग तिच्या मनात जो प्रश्न आला, तो तिला स्वतःलाच आवडला नाही.

"काका, या वर्षी बाहेर गेलेली पुस्तकं? पुस्तकाच्या आवाजाचं शेवटचं सेटिंग तुम्हीच करत होता."

काकांनी उठून आपल्या टेबलाच्या खणातून एक पाकीट आणून दिलं. श्रोत्यांची पत्रं. एकूण चौदा. 'आवाज कानाला लागतो.' 'माझ्या आईला डोळ्यांनी दिसत नाही, ती दिवसभर तुमची पुस्तकं ऐकते, हल्ली तिचं डोकं दुखतं.' काकांनी प्रत्येकाला उत्तर पाठवलं होतं: कृपया आपलं यंत्र तपासून घ्यावं.

"मला खरंच वाटलं होतं, की त्यांची यंत्रं खराब असतील," काका म्हणाले.

चाळणीनं ते मानलं. अगदी शंभर टक्के नाही. पत्रं खणाच्या तळाशी, बिलांच्या खाली का ठेवली होती, हा प्रश्न तिच्या जिभेवर आला होता आणि तिनं तो गिळला.

पुढचे चार दिवस दोघांनी वर्षभराची पुस्तकं काढली. ती ऐकत होती, काका लिहून घेत होते. अकरा पुस्तकांत ती टोचणी होती. सगळ्यात वाईट शेवटची तीन. शुक्रवारी काका स्वतःच मॅडमच्या खोलीत गेले. चाळणीनं "मी येऊ का?" विचारलं, तर म्हणाले, "तू कशाला? कान माझे आहेत."

मॅडम काय म्हणाल्या ते दारातून ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर काकांनी थोडक्यात सांगितलं: कानाच्या डॉक्टरकडे जायचं, पुस्तकांचं शेवटचं ऐकणं चाळणीकडे, अकरा पुस्तकं दुरुस्त करून पुन्हा द्यायची आणि चौदा लोकांना माफीची पत्रं काकांच्या सहीनं. काकांनी तोडणी-जोडणीचं काम करायचं. श्वास कुठं ठेवायचा, वाक्यानंतर किती थांबायचं, यात त्यांचा हात धरणारं अजूनही कुणी नव्हतं. "कानामागून आली आणि तिखट झाली," ते तिला म्हणाले. हे चेष्टेत म्हणाले की मनापासून, ते तिला कळलं नाही.

राहता राहिला हेडफोन. ते ठरवायला दहा मिनिटं लागली. इक्वलायझरनं दोन्हीचा आवाज एकच केला, म्हणजे आवाजावरून निवडण्यात काही अर्थच नव्हता. मग बाकीचं बघायचं. पाचजणांपैकी तिघांना चष्मा. काळ्याची पकड घट्ट, चष्म्याची काडी कानामागे रुतायची आणि काडीमुळे फट पडली की खालचा आवाज गळून जायचा, लावलेलं सेटिंग फुकट. राखाडी मऊ, हलका, दोन्ही नग एकमेकांशी तंतोतंत जुळणारे, आणि त्याच्या गाद्या निघायच्या, झिजल्या की नुसत्या गाद्या बदलता यायच्या. राखाडी घ्यायचं ठरलं.

"म्हणजे शेवटी जावयाचाच माल," नणंद म्हणाली.

"दोन्ही जावयाचेच होते."

"बघ! दोन्ही बाजूंनी बांधून ठेवलंय." नणंदेचा चेहरा उजळला.

चाळणी तिच्यावर ओरडली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. वहिनीला नेमकं काय लागलं ते नणंदेला समजलं नाही आणि चाळणीलाही धड सांगता आलं नाही.

काकांचा तपासणीचा कागद आला. वरच्या पट्टीत दोन्ही कान बरेच गेलेले, डावा जास्त. डॉक्टर म्हणाले, पाच-सात वर्षांपासून चाललं असणार. तो कागद बघितल्यावर चाळणीला स्वस्थ बसवेना. आता अख्ख्या कार्यालयाचा शेवटचा शब्द तिच्या कानांवर होता. नऊ वर्षं तीही दिवसाचे आठ तास हेडफोन लावून बसत होती. काकांना कळलं नाही, तर आपल्याला तरी कसं कळणार?

तिनं कुणाला न सांगता कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. कापसासारख्या भिंती असलेल्या पेटीवजा खोलीत तिला बसवलं, हातात एक बटण दिलं. काचेपलीकडे तपासनीस मुलगी बसली होती. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीचे आवाज सोपे होते. मग ते बारीक होत गेले. मग इतके बारीक, की आवाज आला की आपल्याला यावासा वाटला, हे तिला ठरवता येईना. तिनं काचेतून मुलीच्या हाताकडे बघायला सुरुवात केली. हात हलला की दाबायचं. दोनदा तसं दाबल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण काय करतोय. तिनं मान खाली घातली, डोळे घट्ट मिटले.

"झालं," मुलगी दार उघडून म्हणाली. "ठीक आहेत कान. वयाच्या मानानं चांगले आहेत."

"वयाच्या मानानं म्हणजे?"

"म्हणजे ठीक आहेत."

चाळणी उठली नाही. तिनं बटण मुलीच्या हातात दिलं नाही, तसंच धरून ठेवलं.

"मधे दोन वेळा मी तुमच्या हाताकडे बघून दाबलं," ती म्हणाली. "माझी खुर्ची भिंतीकडे वळवा आणि पुन्हा पहिल्यापासून घ्या."